काटा खोटा बोलायचा तेव्हा

नव्वदच्या दशकात वणी-घुग्गुस रस्त्यावर बॉनेट उघडून उभी असलेली जीप दिसली नाही, असा उन्हाळ्यातला दिवस क्वचितच जायचा. 45 अंशांचं ऊन, पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग आणि दुसऱ्या गिअरच्या वर जायची सोय नाही. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधत फिरायचा. गॅरेजवाल्याचं निदान ठरलेलं: गाडीनं हीट घेतली. उपायही ठरलेला: व्हॉल्व काढून टाका.

व्हॉल्व म्हणजे थर्मोस्टॅट. साधारण 82 अंशांना उघडणारी ही बिचारी झडप कित्येक गाड्यांतून भंगारात गेली. मग इंजीन वेळेवर गरम होईना, डिझेल जास्त खाऊ लागलं, सिलिंडर लवकर झिजू लागले. आणि गाडी मे महिन्यात तापायची ती तापतच राहिली. कारण खरा रोग रेडिएटरमध्ये होता. बाहेरून जाळीत कोळशाची भुकटी आणि चिखल, आतून बोअरच्या जड पाण्याचा क्षार. राजूरच्या चुनाभट्ट्यांचा हा मुलूख. इथं पातेल्यात बसणारा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांतही बसणारच. तो सळईनं खरवडून काढायला मिस्तरीचा आख्खा दिवस जायचा.

पण रोग नसतानाही उपचार झाले, त्याचं काय? आमच्या जीपचा तापमानाचा काटा एकदा किल्ली फिरवताच लालवर जाऊ लागला. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी तापलेली कशी असेल, हा साधा प्रश्न कुणालाच पडला नाही, मलाही नाही. रेडिएटर उतरवला, वॉटर पंप बदलला. शेवटी एका वायरमननं इंजीनवरच्या सेंसरची तार काढली. काटा लालवरच. तार वाटेत कुठंतरी सोलून बॉडीला टेकली होती. इंजीन तापतं तसा या सेंसरचा विद्युतरोध कमी होतो. तार थेट बॉडीला लागली की मीटरला वाटतं, इंजीन पेटलं. तार काढल्यावर काटा खाली आणि बॉडीला टेकवल्यावर वर गेला, तर तार-मीटर ठीक. मग सेंसर काढून गरम पाण्यात बुडवायचा आणि थर्मामीटर, मल्टिमीटर लावून बघायचं.

हे खोटं फक्त खिशाला लागलं. दुसरं जीवघेणं. होज फुटून पाणी गेलं की सेंसर कोरडा पडतो आणि लालकडे निघालेला काटा चक्क खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, गाडी सावरली. तो ॲक्सिलरेटर दाबतो. चार किलोमीटरवर गॅसकेट उडते, हेड वाकतं आणि लेथवर जातं.

आता गॅरेजमध्ये स्कॅनर आहे, लांबून तापमान सांगणारी इन्फ्रारेड गन आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नाही, नुसता दिवा. आणि काटा असलाच तरी कॉम्प्युटर तो मधोमध धरून ठेवतो. जुन्या काट्याला निदान खोटं बोलताना पकडता यायचं.

तुमच्या दारात अजून जुनी जीप असेल, तर रोज सकाळी, इंजीन थंड असताना, झाकण उघडून पाणी बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. आत दाबाखालचं पाणी 100 अंशांच्या वर असू शकतं.