अलिबाग, आक्षी व चौल : घाटावरील संशोधकांसाठीं टिपण

पिंपरी, चिंचवड, भोसरी व चाकण या टापूंत गेल्या साठ-सत्तर वर्षांत कारखान्यांची जी वस्ती वाढली, तिच्या सुटीच्या दिवसांचें अलिबाग हें एक ठरलेलें ठिकाण होऊन बसलें आहे. शनिवारीं पहांटे निघावें, बोरघाट उतरून पेणमार्गें समुद्र गांठावा आणि रविवारीं रात्रीं परतावें, असा क्रम आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण ही सहल करीत असतील. वाळू, नारळीच्या बागा व ताजी मासळी यांविषयीं आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. परंतु अलिबागेपासून रेवदंड्यापर्यंतच्या पांच-सहा कोसांच्या पट्टींत जी जुनी सामग्री उघड्यावर आहे, तिची साक्ष कोणत्या रीतीनें घ्यावी, याचें थोडें दिग्दर्शन या टिपणांत करण्याचें योजिलें आहे.

(१) वाट. घाटावरून या किनाऱ्याकडे होणारी वर्दळ आजची नव्हे. बहामनी अमदानींत मलिक-उत्-तुजार खलफ हसन यानें चाकण येथें ठाणें करून कोंकणांत स्वाऱ्या केल्या, आणि इ. स. १४५३ च्या सुमारास खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, बाजूच्या रानांत तो फौजेसह नाश पावला, ही हकीकत फेरिस्त्यानें दिली आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौल बंदरीं उतरला. तेथून आठ दिवसांत पाली, पुढें उमरी, असा मजल दरमजल तो जुन्नरास पोंचला. विकण्यासाठीं आणलेला त्याचा घोडा जुन्नरच्या खानानें हिसकावून घेतला व पुढें परत दिला, असें त्यानें स्वतःच लिहून ठेविलें आहे. समुद्रावरून आलेला घोडा घाट चढून जुन्नरच्या बाजारांत व छावणींत जाई. आज चाकणचा कामगार मोटारींतून बंदराकडे उतरतो. चौल व जुन्नर यांमधील जुनी रहदारी उलट्या दिशेनें पुन्हा सुरू झाली, इतकेंच.

(२) कुलाबा. अलिबागेच्या वाळवंटासमोरील कुलाबा किल्ल्याचें काम शिवाजी महाराजांनीं इ. स. १६८० त सुरू केलें व तें संभाजी महाराजांच्या कारकिर्दींत पुरें झालें. तटाचे प्रचंड चिरे चुन्यावांचून एकावर एक बसविले आहेत. इ. स. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून केलेली स्वारी याच किल्ल्यापुढें फसली. आंतील सिद्धिविनायकाचें देऊळ राघोजी आंगरे यांनीं १७५९ त बांधिलें. कान्होजी आंगरे यांची समाधि मात्र किल्ल्यांत नसून अलिबाग शहरांत आहे.

किल्ल्यांत पायीं जावयाचें तर ओहोटी साधली पाहिजे. यासाठीं कोंकणांत एक जुना हिशेब आहे. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी. येईल तितक्या वाजतां भरती पुरी होते, आणि तिच्या मागेंपुढें सुमारें सहा तासांवर ओहोटी पुरी होते. चतुर्थीस तीन वाजतां भरती, म्हणून सकाळीं नवाच्या सुमारास वाट मोकळी. हा हिशेब शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस सारखाच लागतो. अष्टमीच्या आसपास भांग असल्यामुळें पाणी पुरतें हटत नाहीं. अर्थात् हा अदमास आहे; पाण्यांत पाय घालण्यापूर्वीं तेथील कोळ्यांस विचारावें. परंतु दप्तरें चाळणारास या हिशेबाचा दुसरा उपयोग आहे. आरमारी पत्रांत तिथि बहुधा असते, वेळ क्वचितच असते. तिथीवरून भरती काढली कीं, त्या दिवशीं तारवें खाडींतून केव्हां निघूं शकत होतीं, किंवा माणसें किल्ल्यांत केव्हां शिरूं शकत होतीं, हें पडताळतां येतें.

किल्ल्यांत गाड्यावर बसविलेल्या दोन तोफा आहेत. येणारे लोक त्यांस कान्होजीच्या तोफा समजून त्यांजवळ छायाचित्रें काढून घेतात. परंतु तोफांवर इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याच्या लो मूर येथील लोखंडी कारखान्याचें नांव आहे. तो कारखाना १७९१ सालीं सुरू झाला. कान्होजी १७२९ त वारले. तेव्हां तोफा जुन्या खऱ्या, पण कान्होजीशीं त्यांचा संबंध नाहीं. वस्तु जेथें उभी आहे त्या स्थळाचा काळ तिला लावूं नये. तिच्या अंगावर काय लिहिलें आहे तें आधीं वाचावें.

(३) आक्षीचा लेख. हाच नियम अलिबागेच्या दक्षिणेस लागलेल्या आक्षी गांवच्या शिलालेखास लावून पाहूं. तेथें जाणारे बहुतेक लोक सुरूच्या बनांतून समुद्रावर जातात. लेखाकडे थोडेच वळतात. हा दगड बरींच वर्षें रस्त्याच्या कडेस ऊन-पावसांत उभा होता. वर चंद्रसूर्य, मध्यें देवनागरी लेख आणि खालीं गाढवाची शापआकृति, असा तो गधेगळ आहे. त्यांत पश्चिम समुद्राचा अधिपति म्हणविणारा शिलाहार राजा केशिदेव, त्याचा महाप्रधान व महालक्ष्मीच्या निमित्तें दिलेलें दान यांचा उल्लेख येतो. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं यांतील काल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. तें वाचन धरलें तर श्रवणबेळगोळच्या लेखाहून स्पष्ट कालोल्लेख असलेला, आणि म्हणून मराठीचा आद्य म्हणण्याजोगा, लेख हाच ठरतो. उलट, हा केशिदेव दुसरा, म्हणजे सुमारें दोनशें वर्षें अलीकडचा, असेंही मत मांडलें गेलें आहे.

एवढा मोठा वाद झिजलेल्या दोन-तीन आंकड्यांवर येऊन ठेपतो. परंतु लेखांत संवत्सरही आहे, आणि तो परिधावी असा वाचला गेला आहे. दक्षिणेकडील गणनेनें शके १९०९ हा प्रभव संवत्सर होता. तेथून मागें मोजीत गेल्यास शके ९३४ हा परिधावीच येतो. पुढचे परिधावी शके ९९४, १०५४, १११४ व ११७४. दुसऱ्या केशिदेवाचा चौधरपाडा येथील लेख शके ११६१ चा आहे, व त्याचे राज्यारोहण शके ११२५ च्या सुमारास धरतात. या अवधींत परिधावी एकदांही येत नाहीं. म्हणून संवत्सराचें वाचन पक्कें असेल तर जुना काल बळावतो. तीं अक्षरें डळमळलीं तर सर्वच डळमळतें. आंकड्यांइतकीच, किंबहुना अधिक, काळजी संवत्सराच्या ओळीची घेतली पाहिजे. अशा दगडांस गांवोगांव तेल-शेंदूर लागतो, कोणी रंग देतो, कोणी अक्षरें खडूनें भरून छायाचित्र घेतो. खडूनें भरणारा मनुष्य आपल्याला दिसलेलें अक्षर दगडावर लादतो, आणि पुढील वाचक तेंच वाचतो.

(४) चौल-रेवदंडा. आक्षीहून नागांवमार्गें चौलास जावें. शके १०१६ च्या खारेपाटण ताम्रपटांत शिलाहार अनंतदेवानें आपल्या प्रधानाच्या तारवांस ज्या बंदरीं जकात माफ केली, त्यांत ठाणें, सोपारें यांबरोबर चेमूल्य हें नांव आहे. तेंच हें चौल. आज तेथें बंदर नाहीं, वाड्या व देवळें आहेत. खाडी गाळानें भरत गेली, मुंबई वाढली, आणि व्यापार उठला. रेवदंड्यास पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत कोट बांधिला. तो १७४० त मराठ्यांकडे आला. पडक्या इमारतींतून कोरीव चिन्हांचे दगड व थडग्यांवरील पोर्तुगीज लेख अजून दिसतात. खाडीपलीकडे कोर्लईस पोर्तुगीज व मराठी यांच्या मिलाफाची बोली आजही घराघरांत चालते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. दगडावरील लेखाइतकाच हाही पुरावा आहे, आणि तो झिजण्याचें भय अधिक.

आतां संग्राहकांस थोडी विनंति. किनाऱ्यावरील कोरीव दगड, नाणें अथवा कागद उचलून घरीं आणणें हा संग्रह नव्हे; आक्षीचा दगड दुसरीकडे नेला असता तर महालक्ष्मीचें दान कोणत्या भूमीशीं निगडित होतें हें शोधण्याचा मार्गच खुंटला असता. वस्तु जागेवर ठेवावी. सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत छायाचित्र घ्यावें. मोजमाप व नेमकी जागा त्याच दिवशीं लिहून काढावी. ठसा घ्यावयाचा तर परवानगीनें व जाणत्याच्या हातून घ्यावा. आक्षीच्या दगडाचीं जुनीं छायाचित्रें किंवा ठसे ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांच्या प्रती मंडळाकडे अवश्य धाडाव्या. आज दगडावर अस्पष्ट झालेलें अक्षर पन्नास वर्षांपूर्वींच्या छायाचित्रांत स्पष्ट असूं शकतें, आणि आद्य मराठी लेखाचा निर्णय त्या एका अक्षरावर अवलंबून आहे.