खनिज तेलाचा अंमल

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे १८५९ साली एडविन ड्रेक याने विहीर पाडून तेल काढले, तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्यांसाठी रॉकेल, आणि ते गाळताना निघणारे पेट्रोल निरुपयोगी म्हणून पुष्कळदा फेकून दिले जाई. तेलाच्या दरबारी मोटार हा उशिरा दाखल झालेला मानकरी होय, हे ध्यानात घेतले म्हणजे पेट्रोलच्या भावापाशीच थांबणारी आपली चिंता किती अपुरी आहे ते कळून येते.

कच्चे तेल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असून, तापवून उंच मनोऱ्यात सोडले असता त्याचे हलके अंश वर आणि जड अंश खाली असे उत्कलनबिंदूंनुसार निराळे होतात. रस्त्यावरचे डांबर तळाच्या गाळातूनच मिळते. यांपैकी नाफ्था हा हलका अंश वाफेबरोबर सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवला म्हणजे त्याचे रेणू भंगतात, आणि त्यांतून निपजणाऱ्या एथिलीनपासून दुधाची पिशवी, प्रॉपिलीनपासून धान्याचे पोते, तर बेंझीनपासून फिनॉलच्या मार्गाने अ‍ॅस्पिरिनची गोळी तयार होते.

अन्नही या अंमलाबाहेर राहिलेले नाही. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या मंचाने तेलाचा साठा शोधून काढला, आणि तेथील नैसर्गिक वायूच्या भरवशावर अलिबागजवळ थळ येथे खतांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. वायूतील हायड्रोजन आणि हवेतील नायट्रोजन यांच्या संयोगाने अमोनिया व त्यापासून युरिया बनतो. म्हणून ज्या शेतकऱ्याने आजवर बैलांवरच मशागत केली, त्याच्याही उसाच्या वाढीत या भूगर्भातील मिळकतीचा हिस्सा असतो.

विजेवर चालणाऱ्या गाडीने पेट्रोलची गरज संपेल हे खरे. परंतु तिच्या टायरांतील कृत्रिम रबर, तारांवरील वेष्टण आणि बैठकीतील फोम यांची तजवीज आजही बहुतांशी तेलातूनच होते. उसाच्या अल्कोहोलपासून एथिलीन करता येते, पण त्यासाठी जमीन आणि पाणी खर्ची पडते. आजमितीस निघणाऱ्या तेलाचा फार मोठा भाग जाळला जातो, वस्तू घडवण्यास लागतो तो त्या मानाने अल्प. आणि पर्याय मात्र जाळण्याच्या बाबतीत अधिक सुलभ आहेत. तेव्हा काटकसरीचा आरंभ कोठून व्हावा, याचा निर्णय हा जमाखर्चच देतो.