मुठीएवढा एक रेणू

रेणू म्हणजे डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट, असं आपण शाळेत शिकलो ना? मग गळक्या पाइपला काल लावलेलं एम-सील आज नखाने टकटक करून पाहा. त्यात मिसळलेली भुकटी सोडली, तर तो कडक गोळा जवळजवळ एकच अखंड रेणू आहे! चक्क मुठीत मावणारा रेणू.

हे घडतं कसं? एम-सील म्हणजे इपॉक्सी. रेझिन आणि हार्डनर हे तिचे दोन भाग एकत्र मिसळायचे असतात. रेझिनच्या रेणूंच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं इवलंसं त्रिकोणी कडं असतं. कार्बनचे बंध एरवी साधारण 109 अंश फाकून बसतात. इथे ते 60 अंशांत कोंबलेले. वाकवून दोरीने बांधलेल्या बांबूच्या कांबीसारखी ही स्थिती! हार्डनरमधला नायट्रोजन येऊन ती दोरी तोडतो. कडं उघडतं आणि सुटलेलं टोक त्यालाच घट्ट जोडलं जातं. प्रत्येक रेणू असा अनेक जागी जोडला गेला, की उरतं ते एकच त्रिमिती जाळं.

गंमत अशी, की यात वाया काहीच जात नाही. फेव्हिकॉलमधलं पाणी उडून जावं लागतं. इथे उडून जाणारं काही नाही, म्हणून आकसणंही फार थोडं. आणि म्हणूनच ‘हार्डनर जरा जास्त टाक, लवकर बसेल’ हा वर्कशॉपमधला सल्ला साफ चुकीचा! नायट्रोजनवरच्या जागा मोजलेल्या असतात. जास्तीचा हार्डनर जोडीदाराविना पडून राहतो आणि जोड कच्चा होतो.

मग बाजारात इपॉक्सीचे इतके प्रकार का? कडं बहुतेकांत तेच. फरक ते उघडणाऱ्यात आणि आत काय भरलंय त्यात. पाच मिनिटांत बसणाऱ्या इपॉक्सीत बहुधा गंधकयुक्त हार्डनर असतो. तो कुबट वास त्याचाच. घाईच्या कामाला ठीक, पण उष्णता आणि सततचं पाणी त्याला फारसं मानवत नाही. बसायला रात्रभर घेणारी अ‍ॅराल्डाइट माझ्या मते जास्त भरवशाची. तिच्या घराण्याचं मूळ तर कवळीत आहे! स्वित्झर्लंडमधले पिएर कास्तान दातांच्या कवळ्यांसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्यांच्या कामाचे हक्क सीबा कंपनीने घेतले आणि 1946 मध्ये अ‍ॅराल्डाइट बाजारात आली.

फुटलेलं कास्टिंग किंवा झिजलेले आटे असतील, तर लोखंडाची भुकटी भरलेला प्रकार घ्यावा. टेक्सासमध्ये 1969 मध्ये सुरू झालेलं जे-बी वेल्ड या जातीचं. ते 15 ते 24 तासांत पूर्ण पिकतं. मग त्यावर कानस चालवा, ड्रिल मारा, आटे पाडा! उभ्या भेगेत मात्र पातळ मिश्रण ओघळतं. तिथे मळून लावायची पुटीच हवी.

मिश्रण वाटीत ठेवून चहाला जाऊ नका. जोडणी होताना उष्णता सुटते, उष्णतेने जोडणी वेगावते, आणि साचलेल्या गोळ्याला तर कधीकधी धूरही येतो. पत्र्यावर पातळ पसरलेलं तेच मिश्रण निवांत राहतं.

आणि एवढी चिकट वस्तू ज्या सिरिंजमधून येते तिलाच का चिकटत नाही? सिरिंज बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. त्या गुळगुळीत, कशातच न गुंतणाऱ्या पृष्ठभागावर इपॉक्सीला पकडच मिळत नाही. बादल्याही बऱ्याचदा त्याच जातीच्या प्लास्टिकच्या. तेव्हा फुटक्या बादलीसाठी यातलं काहीच विकत आणू नका.