नाट्यगृहाबाहेरचा बोर्ड वाचता येतो का तुम्हाला?



यंदा ५ नोव्हेंबर गुरुवारी येतोय आणि लक्ष्मीपूजन ८ तारखेला, रविवारी. म्हणजे मराठी रंगभूमी दिन बरोबर दिवाळीच्या खरेदीत सापडलाय. बाकी ठिकाणी याचा फार फरक पडणार नाही. सांगलीत पडतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' रंगवलं, आणि त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो. भाव्यांच्याच नावाचं नाट्यमंदिर सांगलीत आहे. दरवर्षी या दिवशी तिथे विष्णुदास भावे गौरव पदक दिलं जातं, आणि मुंबई-पुण्याचे मोठमोठे कलाकार ते घ्यायला सांगलीत येतात. नाटकवाल्यांसाठी हा मोठा मान आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण बिझनेसच्या चॅनेलवर नाटक कुठून आलं?

बॅचमध्ये हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच: "सर, नाट्यगृहासमोर स्टॉल टाकला तर चालेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कोणत्या कार्यक्रमाला? नाट्यगृह हे रोज भरणारं दुकान नाही. आज हाऊसफुल्ल, उद्या कुलूप. पण एक गोष्ट अशी आहे जी बाजारपेठेत दुसरीकडे सहसा मिळत नाही. गिऱ्हाईक कधी येणार, किती वाजता बाहेर पडणार आणि कोण असणार, हे सगळं आधीच बोर्डावर लिहिलेलं असतं. फुकटात. आपण त्या बोर्डासमोरून रोज गाडीवर जातो आणि फक्त नटाचा फोटो बघतो.

सांगलीचंच उदाहरण घेऊ, पण तुमच्या गावात जुनं नाट्यगृह असेल तर तिथेही साधारण हेच चक्र असतं. दिवाळीनंतर सीझन चढतो. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा असते, तिच्या प्राथमिक फेऱ्या केंद्राकेंद्रावर होतात. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. मधल्या शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांचे दौरे. मार्चमध्ये परीक्षा लागल्या की गर्दी ओसरते.

यातला प्रत्येक प्रेक्षक वेगळा आहे हो. स्पर्धेला येणारा माणूस तिकीट नाममात्र दराचं काढतो, बऱ्याचदा सलग रोज येतो, आणि चहा पितो. भरपूर चहा पितो, कारण बाहेर उभं राहून कालच्या प्रयोगावर वाद घालायचा असतो. तो महागडं काही घेणार नाही, पण रोज येईल. स्नेहसंमेलनाला एका पोरामागे आई, बाबा, आजी आणि लहान भाऊ असतो. तिथे फुगा, गजरा, मेकअपचं सामान, शेवटच्या क्षणी लागणाऱ्या सेफ्टी पिना, मोबाईल चार्जर, काय वाट्टेल ते विकलं जातं. व्यावसायिक नाटकाला जोडपी येतात, तिकिटावर पैसे खर्च केलेले असतात, त्यामुळे नाटक सुटल्यावर जेवायला बाहेर जायची तयारीही असते. एकच जागा, तीन वेगळे धंदे.

आता मध्यंतराचं गणित मांडू, कारण बहुतेक जण इथेच फसतात. लोकांना वाटतं, आत पाचशे माणसं आहेत म्हणजे आपले दोनशे चहा पक्के. समजा मध्यंतर १५ मिनिटांचं आहे. म्हणजे ९०० सेकंद. तुम्ही एकटे आहात. ऑर्डर ऐकली, चहा ओतला, पैसे घेतले, साउंडबॉक्स बोलायची वाट बघितली, एका माणसाला २० सेकंद धरा. झाले ४५ चहा. २० रुपयांनी ९०० रुपये. आत पाचशे असोत नाहीतर दोन हजार, तुमचे ४५च. गर्दी तुमची मर्यादा नाही, तुमचे दोन हात ही मर्यादा आहे.

मग काय करायचं? ओतणारा वेगळा, पैसे घेणारा वेगळा. दोघांचं काम एकाच वेळी चाललं आणि माणशी १० सेकंद लागले, तर तोच वेळ ९० चहा देतो. सगळ्या वस्तूंचे दर २० किंवा ४०, मधलं काही नाही, म्हणजे सुट्ट्यांची भानगड नाही. एकदम शंभर माणसं फोन काढतात तेव्हा नेटवर्क रुसतं, म्हणून गल्ल्यात दहाच्या नोटांचा गठ्ठा हवाच. आणि वस्तू अशी हवी की जी उभ्या-उभ्या पाच मिनिटांत संपेल. वडा चालेल, मिसळ नाही. कुरकुर वाजणारी पाकिटं तर विकूच नका. कुणीतरी ती लपवून आत नेतंच, आणि मग व्यवस्थापक तुमच्यावर चिडतो.

व्यवस्थापकाशी आधी बोलून घ्या, हे वेगळं सांगायला नको. आतलं कँटीन बहुतेक ठिकाणी ठेक्यावर दिलेलं असतं. त्या माणसाच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला तिथे टिकता येणार नाही. रस्त्यावर उभं राहायचं तर नगरपालिका किंवा महापालिकेची परवानगी आणि खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयची नोंदणी, दोन्ही कागद जवळ हवेत.

पण खरं सांगू का, मला स्टॉलपेक्षा दोन दुसरी कामं जास्त आवडतात.

पहिलं म्हणजे दौऱ्यावरच्या मंडळींचं जेवण. व्यावसायिक नाटकाची बस येते तेव्हा त्यात फक्त दोन-चार स्टार नसतात. नेपथ्य लावणारे, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, कपडेपट सांभाळणारे, ड्रायव्हर, अशी बरीच माणसं असतात. रात्रीचा प्रयोग संपून सामान गाडीत चढेपर्यंत गावातली हॉटेलं बंद झालेली असतात. ताजी भाकरी, एक झणझणीत भाजी, एक बिनतिखट, डाळ-भात, आणि वेळेवर. घरगुती डबे करणाऱ्या ताईंसाठी यापेक्षा सरळ ऑर्डर नाही. माणसं मोजलेली, वेळ ठरलेली. ज्यांनी प्रयोग आणलाय त्या स्थानिक व्यवस्थापकाचा नंबर मिळवा, आणि ॲडव्हान्स घ्या. कलाकारासोबत सेल्फी हा ॲडव्हान्स नाही!

दुसरं, तिकीट विक्री. तिकिटं आता ऑनलाइन मिळतात, पण छोट्या शहरातल्या साठीच्या पुढच्या काका-काकूंना अजून प्लॅनवर बोट ठेवून खुर्ची निवडायची असते. तुमचं दुकान मोक्याच्या जागी असेल तर आयोजकाला सांगा, तिकिटं माझ्या काउंटरवर ठेवा. कमिशन किरकोळ मिळेल किंवा मिळणारही नाही. मिळणार आहे तो दुकानात पाय ठेवणारा माणूस, आणि शिवाय प्लॅन किती भरलाय ही बातमी तुम्हाला सगळ्यात आधी. त्यावर उद्याचा माल किती भरायचा ते ठरतं.

यात एक स्वार्थ आणखी आहे. नाट्यगृह चालतं ते तारखांच्या भाड्यावर. प्रयोग पडले, आयोजकाला तोटा झाला, की पुढची तारीख तो घेत नाही. बोर्ड कोरा राहिला की बाहेरचा चहावाला, रिक्षावाला, गजरेवाली, सगळेच बसून. त्यामुळे ज्यांचा गल्ला तिथल्या गर्दीवर चालतो त्यांनी वर्षाला चार तिकिटं विकत घेऊन आत बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पास मागू नये.

आणि सगळा धंदा त्या एकाच दारावर टांगू नका. मार्च २०२० मध्ये राज्यातली नाट्यगृहं बंद झाली. निम्म्या क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली ती ५ नोव्हेंबर २०२० पासून, योगायोगाने रंगभूमी दिनालाच. नंतर दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद, ती २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. सांगलीतून तासा-दीड तासावर कोल्हापूर. तिथलं केशवराव भोसले नाट्यगृह म्हणजे शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं पॅलेस थिएटर. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. कलाकारांचे रडतानाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. समोर गाडा लावणाऱ्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. माझा अंदाजे नियम असा, की महिन्याच्या विक्रीतला एक तृतीयांशापेक्षा जास्त वाटा अशा एका जागेवरून येऊ लागला की दुसरं गिऱ्हाईक शोधायला लगेच सुरुवात करायची.

तर यंदाच्या ५ तारखेला सांगलीत असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवाळीमुळे फुलांचे भाव चढलेले असतील, त्यामुळे गजरे आणि पुष्पगुच्छांची बोलणी आदल्या आठवड्यातच करा. आणि बाजारपेठेत खरेदीची गर्दी असेल, पार्किंग मिळणार नाही, म्हणून माल दुपारीच पोहोचवा.

सांगलीचे नसाल तर आज संध्याकाळी आपल्या गावच्या नाट्यगृहावरून चक्कर मारा, पुढच्या तीस दिवसांच्या तारखा वहीत उतरवा आणि प्रत्येकीसमोर लिहा: कोण येणार, किती वाजता सुटणार. यादी झाली की कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच एका यादीवर आपण खर्च-नफा मांडू.