‘पीजे’च्या वाटेने पायी
खान्देशातल्या मंडळींनो, पाचोरा-जामनेर ‘पीजे’ रेल्वेची 56 किलोमीटरची वाट एकदा पायी कराच! अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणारी ही गाडी 2020 च्या लॉकडाउनमध्ये थांबली, ती थांबलीच. परदेशात अशा बंद मार्गांवर चालण्यासाठी पक्क्या वाटा करतात. इथे ब्रॉडगेज यायची आहे, म्हणून रुळांवर न जाता गावांना जोडणारा रस्ता धरा: वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, जामनेर. मुक्काम शेंदुर्णीलाच करा. तिथलं त्रिविक्रम मंदिर घाईत बघायचं नाही. कार्तिकातल्या रथोत्सवाला गेलात तर सोन्याहून पिवळं! पहूरहून अजिंठा लेणीही जवळ. हिवाळ्यात ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकलेला दिसतो. जेवायला वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. पाणी मात्र भरपूर घ्या.