आधी प्रायश्चित्त, मग पाप

लंडनच्या गोदीजवळच्या एका तळघरात एक देखणी बाई रस्त्यावरच्या मुलांना गरम चॉकलेट पाजते. लाइमहाऊसच्या गरीब वस्तीतला टोनी मकारिओस त्यांतलाच एक. त्याची आई दारूत इतकी बुडालेली, की पोरगा घरी आला नाही हेही तिच्या ध्यानात येणार नाही. मुलांना जहाजाने उत्तरेकडे पाठवायचं असतं. निघण्यापूर्वी बाई त्यांना घरी पत्र लिहायला सांगते आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांची पत्रं स्वतः लिहून देते. जहाज सुटल्यावर ती पत्रांचा तो गठ्ठा भट्टीत टाकते.

फिलिप पुलमन यांच्या ‘हिज डार्क मटीरियल्स’ या कादंबरीत्रयीत (‘नॉर्दर्न लाइट्स’ १९९५, ‘द सटल नाइफ’ १९९७, ‘द अँबर स्पायग्लास’ २०००) धर्मसत्तेची आपली पहिली ठळक गाठ अशी पडते. ही बाई म्हणजे मिसेस कोल्टर. ती चालवते ते ‘जनरल ऑब्लेशन बोर्ड’ हे मॅजिस्टेरियम नावाच्या अवाढव्य संस्थेचं एक अंग. काल्पनिक साहित्यात जुलमी धर्मपीठं पुष्कळ आहेत, पण मॅजिस्टेरियमइतकं विचारपूर्वक उभं केलेलं दुसरं माझ्या वाचनात नाही. त्याची भीती वाटते, कारण ते एखाद्या सरकारी खात्यासारखं शांतपणे चालतं.

त्याची घडण पाहण्यासारखी आहे. पुलमन यांच्या जगात सुधारणावादी जॉन कॅल्विन रोमविरुद्ध उभा राहत नाही, तो स्वतःच पोप होतो आणि पोपची गादी जिनिव्हाला हलवतो. तिथे तो ‘कन्सिस्टोरियल कोर्ट ऑफ डिसिप्लिन’ स्थापतो. त्याच्या मृत्यूनंतर पोपचं पदच रद्द होतं आणि त्या जागी न्यायालयं, परिषदा, मंडळं यांचं जाळं पसरतं. त्या सगळ्या जाळ्याचं नाव मॅजिस्टेरियम. या मंडळांचं एकमेकांशी पटत नाही. एके काळी बिशपांचं मंडळ वरचढ होतं, आता या कोर्टाचा दरारा आहे. देशाला पंतप्रधान आहे, विद्यापीठं आहेत, पण पदार्थविज्ञानालाही तिथे ‘प्रायोगिक ईश्वरशास्त्र’ म्हणतात. आपल्यासारखी आणखी जगं असू शकतात, असं गणिताने मांडणाऱ्या बर्नार्ड आणि स्टोक्स या दोघांचं तोंड बंद केलं जातं. रुसाकोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाला एक नवा मूलकण सापडतो, तेव्हा आधी सैतान उतरवण्याचे विधी होतात, मग इन्क्विझिशनच्या नियमांनी त्याची चौकशी होते आणि तो खोटं बोलत नाही अशी खात्री पटल्यावरच त्याचा शोध मान्य होतो.

खऱ्या इतिहासातल्या जिनिव्हातही कॅल्विनच्या पुढाकाराने १५४१ मध्ये कन्सिस्टरी स्थापन झाली होती. धर्मगुरू आणि शहरातले वडीलधारे एकत्र बसून नागरिकांच्या वागणुकीची चौकशी करत. त्याच शहरात १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटसला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. पुलमन यांनी या सामग्रीला कॅथलिक इन्क्विझिशनची जोड दिली. म्हणून मॅजिस्टेरियमकडे एका पंथाचा कारभार म्हणून बोट दाखवता येत नाही. धर्माच्या हाती राजसत्ता आली की जे घडतं, ते सगळं त्यात येतं.

आता मुलांकडे वळू. या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याचं रूप घेऊन त्याच्यासोबत वावरतो. त्याला डीमन म्हणतात. लहानपणी डीमन क्षणात पाखरू होतो, क्षणात मांजर. माणूस वयात आला की त्याचं रूप कायमचं ठरतं. रुसाकोव्हचे कण, म्हणजेच ‘डस्ट’, मोठ्या माणसांभोवती गोळा होतात, लहान मुलांभोवती जवळजवळ नाहीतच. मॅजिस्टेरियम यावरून निष्कर्ष काढतं, की ही धूळ म्हणजे आदिपापाचा पुरावा. मग मूल वयात येण्याआधीच त्याचा डीमन तोडून टाकला तर? उत्तरेच्या बर्फात, बोल्व्हांगारच्या स्वच्छ, उबदार केंद्रात हाच प्रयोग चालतो. तिथल्या परिचारिकांवरही ती शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांच्या बोलण्यात प्रेमळपणा आहे, पण कुतूहल उरलेलं नाही. कथेची नायिका लायरा हिला तिचा बाप लॉर्ड अझ्रिएल समजावतो, की सुरेल आवाज टिकावा म्हणून चर्चने पूर्वी मुलग्यांचं खच्चीकरण चालवून घेतलं होतं, त्यामुळे या कापाकापीत त्यांना नवं काही वाटलं नाही. शिवाय बोर्ड अर्धवट स्वतंत्र ठेवलेलं. प्रयोग फसला तर हात झटकायला सगळे मोकळे.

टोनी पुन्हा भेटतो तो एका गावातल्या मासळीच्या खोपटात. रॅटर हा त्याचा डीमन तोडून टाकलेला आहे आणि त्याच्या जागी त्याने एक सुका मासा छातीशी गच्च धरला आहे. त्या रात्री तो मरतो. मोठी माणसं तो मासा कुत्र्यांना टाकून देतात, तेव्हा लायरा संतापते. ती एका सोन्याच्या नाण्यावर रॅटरचं नाव कोरते आणि नाणं त्याच्या तोंडात ठेवते. मुलांसाठी म्हणून छापलेल्या पुस्तकात इतकं सरळ लिहायला धैर्य लागतं.

मराठी वाचकाला यासाठी जिनिव्हापर्यंत जायची गरज नाही. गोव्यातल्या अनाथ हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यावा, असा पोर्तुगालच्या राजाच्या नावाने हुकूम निघाला तो १५५९ मध्ये. पुढच्याच वर्षी तिथे इन्क्विझिशन आलं आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत टिकलं. जुन्या गोव्यात आदिलशाही वाड्यात त्याचं बिऱ्हाड होतं. लोक त्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ मध्ये या संस्थेवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो वाचताना हुकूम, मनाई आणि चौकशीचे नियम यांचा ढीग समोर येतो. पुलमन वाचताना मला तोच ढीग आठवत राहिला. मूल आधी हातात घ्यायचं, हे दोन्हीकडे सारखं आहे.

मॅजिस्टेरियमची सगळ्यांत भयंकर निर्मिती मात्र एक सिद्धान्त आहे. तिसऱ्या खंडात कोर्टाचा अध्यक्ष फादर मॅकफेल फादर गोमेझ या तरुण धर्मगुरूला लायराला मारायला पाठवतो. गोमेझ अस्वस्थ नाही. त्याने वर्षानुवर्षं, न केलेल्या पापासाठी, रोज प्रायश्चित्त घेतलं आहे, स्वतःला फटके मारून घेतले आहेत. पुण्याईचा साठा झाला आहे, म्हणून हत्या करूनही त्याच्या अंगाला पाप लागणार नाही. दुष्ट माणसाला निदान रात्री झोप लागत नसेल अशी आपली समजूत असते. इथे झोपेचीही सोय शास्त्राने केली आहे. हाच मॅकफेल पुढे लायराला मारण्यासाठी बनवलेल्या बाँबला शक्ती मिळावी म्हणून स्वतःचा डीमन स्वतःच तोडून घेतो. तो ढोंगी नाही, आणि म्हणूनच त्याला अडवणं कठीण आहे. पहिल्या कादंबरीवरच्या २००७ च्या चित्रपटात चर्चचे उल्लेख सौम्य केले गेले, तेव्हा कथेचा हाच कणा मऊ पडला.

पुलमन यांची नंतरची कादंबरी ‘ला बेल सॉव्हाज’ (२०१७) ही लायराच्या जन्माच्या काळातली कथा. तिथे ‘लीग ऑफ सेंट अलेक्झांडर’ शाळेत येते. आपल्याच घरच्यांची माहिती अधिकाऱ्यांना देणाऱ्या मुलाची गोष्ट आदर्श म्हणून सांगितली जाते आणि सामील होणाऱ्यांना बिल्ले वाटले जातात. थोड्याच दिवसांत शिक्षक मुलांसमोर बोलताना चाचरू लागतात. मुलांना पळवून नेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, कारण इथे मुलं राहतात घरीच.

पहिल्या त्रयीच्या शेवटी, ज्याच्या नावाने हा सगळा कारभार चालतो तो ‘ऑथॉरिटी’ मरतो. थकलेला, जराजर्जर देव. तरीही मॅजिस्टेरियम मोडत नाही. ‘द सीक्रेट कॉमनवेल्थ’मध्ये (२०१९) लायरा विशीत आहे. जिनिव्हात महासभा भरते, एक उच्च परिषद नेमली जाते आणि तिच्या वृद्ध अध्यक्षाची हत्या होते. मग मार्सेल देलामार हा मृदुभाषी, नेटका प्रशासक त्या जागी बसतो. कॅल्विननंतर इतकी सत्ता एका माणसाच्या हाती प्रथमच येते. हा देलामार म्हणजे मिसेस कोल्टरचा सख्खा भाऊ.