नकाराची वाट : पडद्यांच्या रचनेचा पेशा आणि त्याची नीती

राज्यकारभार, व्यापार आणि देवघेव ही तिन्ही कचेरी, पेठ आणि पेढी सोडून मोबाइलच्या पडद्यावर येऊन बसली, तेव्हा त्या पडद्यावर कोणती ओळ आधी दिसावी, कोणते बटण ठळक असावे आणि कोणती अट तळाशी बारीक अक्षरांत राहावी, हे ठरविणारा एक नवा पेशा उदयास आला. डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास ॲपल कंपनीत ‘यूजर एक्स्पीरियन्स’ ही संज्ञा रूढ केली; आज यूएक्स डिझायनर म्हणविणारी मंडळी बेंगळुरू-पुण्यापासून आमच्या रायपूरपर्यंत आढळतात. त्यांच्या नीतीची चर्चा पुष्कळ होते. परंतु माणसाला नकार देणे आणि निघून जाणे ते किती सुकर ठेवतात, याहून खरी कसोटी मला दिसत नाही.

या कसोटीला उतरलेले एक उदाहरण रायपुरातच घडले आहे. शिधापत्रिका एका ठरावीक दुकानाशी जखडलेली असे. त्यामुळे दुकानदाराने मापात मारले किंवा ‘उद्या या’ म्हणून वाटेला लावले, तरी गरिबापुढे फिर्यादीवाचून इलाज नसे. २०१२ साली येथे ‘कोअर पीडीएस’ ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आणि तीत सामील असलेल्या कोणत्याही दुकानातून धान्य उचलण्याची मुभा कार्डधारकास मिळाली. ‘मेरी मर्जी’ हे तिचे लोकांतले नाव. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकते, ही जाणीव दुकानदारास करून देण्यातच त्या रचनेचे मोल होते. पुढे देशभर रेशन दुकानांत अंगठ्याचा ठसा आवश्यक होत गेला, तेव्हा मजुरीने रेषा झिजलेल्या बोटांना यंत्र ओळखेना, आणि दुसरा मार्ग ठेवलेला नसेल तेथे हक्काचे धान्यही अडले.

बाजारातील रचना मात्र बहुधा उलट दिशेने चालते. सदस्य होण्यास एक टिचकी पुरते, सदस्यत्व सोडण्यास चार पडदे, दोन विनवण्या आणि एक दूरध्वनी लागतो. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० साली अशा क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हटले, आणि ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यांचे तेरा प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत नोंदविले. न विचारता टोपलीत एखादी वस्तू वा देणगी सरकविणे हा त्यांतला एक. विमा नाकारणाऱ्या विमानप्रवाशाकडून ‘मी असुरक्षित राहीन’ असे वदवून घेणे हा दुसरा. जून २०२५ मध्ये कंपन्यांना तीन महिन्यांत आत्मपरीक्षण करण्यास सांगण्यात आले. परंतु आरोपीनेच आपली कैफियत तपासावी, हा शिरस्ता कितपत फळेल, याची शंका राहतेच.

ज्याला आतच येता येत नाही, त्याचा प्रश्न याहून बिकट. बँकेच्या डिजिटल केवायसीत डोळे मिचकाविण्याची अट होती. ॲसिडहल्ल्यात पापण्या गमावलेल्यांनी ती कशी पाळावी? ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचाच भाग ठरविला. छत्तीसगडात याचे उत्तर निराळ्या अंगाने आधीच शोधले गेले होते : पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० साली सुरू केलेल्या ‘सीजीनेट स्वरा’वर गोंडी बोलणारा मनुष्य साध्या फोनवरून आपली तक्रार बोलून नोंदवू शके आणि इतरांची ऐकू शके; अक्षरओळखीची अट नव्हती.

वास्तुविशारदास १९७२ च्या अधिनियमाने नोंदणी आणि परिषद लाभली. डिझायनरास ना सनद, ना परिषद. विक्रीचे आकडे वाढले की बढती, आणि आता पडद्याचे कच्चे आराखडे क्षणार्धात करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता दाराशी उभी. अशा स्थितीत ‘हे बटण मी लपविणार नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणाच्या पाठीशी कोण उभे राहणार? आधार शोधावयाचा तर तो वैयक्तिक विदासंरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमात आहे : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असावे, असे तो सांगतो. म्हणून प्रत्येक आराखड्यासोबत आत येण्याच्या पायऱ्या किती आणि बाहेर पडण्याच्या किती, हा जमाखर्च डिझायनराने आपल्या सहीने दप्तरी लावावा. मालकाने तो बदलण्याचा हुकूम दिल्यास तोही लेखी घ्यावा. सनद नसलेल्या पेशास स्वतःची जबाबदारी सिद्ध करण्याचा तूर्त एवढाच मार्ग आहे, आणि त्यासाठी कोणत्याही परिषदेची वाट पाहण्याचे कारण नाही.